तपासणीला पेटी उघडली की दर वेळी डंख: नेमकं कुठे चुकतं?

परसात सातेरीच्या, म्हणजे आपल्याकडच्या पाळीव देशी मधमाशीच्या, दोन पेट्या आणल्या त्या पहिल्या वर्षी एकही तपासणी डंखाशिवाय गेली नाही. एखादा नव्हे, तीन-तीन, चार-चार. आणि बहुतेक डाव्या मनगटावर. फणसाखालची पेटीच तापट आहे, असं मी धरून चालले होते. ती कुणाला तरी देऊन टाकावी इथवर विचार आला होता. मग मुलीच्या जुन्या वहीत दर तपासणीला लिहायला लागले: तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, पेटी उघडल्यावर किती वेळाने डंख बसला, कुठे बसला. आठ तपासण्यांनंतर वही वाचून पाहिली. आठांपैकी सहा वेळा मी पेटी संध्याकाळी पाचनंतर उघडली होती, आणि हातमोजे दर वेळी तेच, एकदाही न धुतलेले. पेटी तापट नव्हतीच.

म्हणून तुमच्याही पेटीवर शिक्का मारण्याआधी एवढंच बघा की डंख नेमका कधी बसतो. उघडता-उघडता, मधेच, की सगळं आवरल्यावर? कारण शोधायला त्या वेळेइतकी दुसरी कशाची मदत होत नाही. पुढचं सगळं सातेरीच्या अनुभवावरून आहे. मेलिफेराची, म्हणजे पेटीत पाळतात त्या युरोपीय मधमाशीची, वसाहत मोठी असते, तिथे माश्या जास्त, म्हणून चुकीची किंमतही जास्त. पण कारणं हीच. आग्या मोहोळाला यातलं काहीही लागू नाही. त्याच्या जवळ जायचं नाही, बस्स.

झाकण उचलताक्षणी अंगावर येतात

हे झालं तर आधी घड्याळ बघा. सकाळी ऊन पडल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या सुमारास, वयाने मोठ्या कामकरी माश्या फुलांवर गेलेल्या असतात. पेटीत मागे राहतात त्या बहुतेक कोवळ्या, पिल्लांना भरवणाऱ्या, आणि त्या सहसा डंख मारत नाहीत. डंख मारतात त्या मोठ्या माश्या. संध्याकाळी त्या सगळ्या घरी परतलेल्या असतात. ढगाळ हवेत, जोराचा वारा असताना, पाऊस यायच्या बेतात असतानाही तेच. मी कामावरून आल्यावर पेटी उघडायचे, म्हणजे घर भरलेलं असताना नेमकी दार ठोठावायचे. रविवारी सकाळी तपासणी सुरू केली आणि निम्मे डंख तिथेच संपले.

दुसरं म्हणजे आपण उभे कुठे राहतो. पेटीच्या दारासमोर, माश्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटेत उभं राहिलं तर मिनिटभरात तिथे गर्दी तुंबते आणि राखणदार माश्या बाहेर येतात. मागच्या किंवा बाजूच्या अंगाला उभं राहायचं. माझी एक पेटी भिंतीला इतकी चिकटून होती की मागे पाय ठेवायलाच जागा नव्हती. रोज थोडं-थोडं असं करत ती हातभर पुढे सरकवली. एकदम उचलून लांब ठेवली असती तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी येऊन घोटाळल्या असत्या.

तिसरं म्हणजे धक्का. झाकण चिकटलेलं असतं, आपण हिसका देतो, आणि सगळी पेटी हादरते. सातेरी राळ फारशी गोळा करत नाही, त्यामुळे मेलिफेराच्या पेटीसारखं सगळं घट्ट डकलेलं नसतं. चिकटतं ते मेणाने. पटाशीचं टोक फटीत घालून हलकेच फिरवलं की सुटतं. पेटी खुरावर डगमगत असेल तर आधी खुराखाली चकती सारा. डगमगत्या पेटीत प्रत्येक हालचाल दुप्पट होऊन माश्यांपर्यंत पोचते.

आणि धूर. धुराने माश्या बेशुद्ध पडतात असा समज आहे, तसं काही होत नाही. धुराचा वास लागला की त्या मध पोटात भरून घेऊ लागतात, आणि त्यांचा धोक्याचा वास धुरात दबून जातो. स्मोकरमध्ये मी नारळाचं वाळलेलं सोडण आणि जुन्या तरटाचा तुकडा घालते. प्लॅस्टिकच्या पोत्याचा तुकडा चुकूनही नको. धूर पांढरा आणि गार हवा. आधी स्वतःच्या तळहातावर सोडून बघायचा, हाताला चटका बसला तर तो माश्यांनाही बसणार. दाराशी दोन-तीन झोत, मग मिनिट-दीड मिनिट थांबायचं. हे थांबणं बहुतेक जण गाळतात. मीही गाळायचे. झोत मारला आणि लगेच झाकण उचललं तर धूर दिल्याचा उपयोग शून्य.

पण सातेरीला धूर जपून. कमीच पुरतो. खूप धूर दिला तर माश्या पोळं सोडून पेटीत सैरावैरा धावू लागतात, राणी सापडत नाही, आणि असा त्रास वारंवार झाला तर पेटी रिकामी करून निघून जातात. एका चुलतदिराने माझ्या देखत वीसेक झोत मारले होते. त्या दिवशी डंख कमी बसले हे खरं, पण पंधरवड्यात पेटी ओस पडली.

सुरुवातीला शांत, पाच-दहा मिनिटांनी बिघडतात

इथे कारण बहुधा आपल्या हातात असतं, अगदी शब्दशः. कुठेतरी एखादी माशी चिरडलेली असते.

माशी डंख मारते तेव्हा, किंवा चिरडली जाते तेव्हा, काट्याच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून एक वास सुटतो. त्यातला मुख्य घटक आयसोअमाईल ॲसिटेट, हे १९६२ साली कॅनडातल्या संशोधकांनी ओळखलं. पिकल्या केळ्याला येतो तो हाच वास. बाकीच्या माश्यांना त्याचा अर्थ एकच: इथे शत्रू आहे. तपासणी चालू असताना एकदम केळ्याचा वास आला तर नाक तुम्हाला खरं सांगतंय असं समजा. हात थांबवा, त्या जागी धूर द्या. आणि केळं खाऊन तपासणीला जाऊ नका हे जुने मधपाळ सांगतात, ते मी पाळते.

चिरडणं टाळायचा उपाय साधा आहे, पण हाताला वळण लागायला वेळ लागतो. मधली चौकट (पोळं जिच्यात बांधलेलं असतं ती लाकडी चौकट) आधी कधीच उचलायची नाही. कडेची, कमी माश्या असलेली चौकट आधी बाहेर काढून पेटीला टेकवून ठेवायची. तेवढी जागा मोकळी झाली की पुढची चौकट आधी त्या मोकळ्या बाजूला सरकवायची आणि मगच सरळ वर उचलायची. तिरकी उचलली की शेजारच्या पोळ्यावर घासते आणि दोन्हींच्या मधल्या माश्या लाटण्याखाली आल्यासारख्या होतात. परत ठेवताना टोकाखाली माशी आली असेल तर चौकट टेकवून क्षणभर थांबायचं, जराशी हलवायची, ती बाजूला होते. सातेरीचं पोळं नाजूक असतं, चौकट आडवी धरली की उन्हात मधाच्या वजनाने तुटून पडतं. मग मध सांडतो, माश्या चिकटतात, आणि तपासणी तिथेच फसते. उभी धरा, पेटीच्या वरच धरा, म्हणजे राणी पडली तरी पेटीतच पडेल.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. आपण वाकून चौकटीवर श्वास सोडतो. राखणदार माश्यांना उच्छ्वासाची चांगली जाण असते. मोहोळावर तोंड घालणारा प्राणी असाच श्वास सोडतो ना. चौकट तोंडापासून हातभर लांब धरायची आणि बघताना मान थोडी वळवून श्वास सोडायचा. माश्या हटवायला फुंकर तर कधीच नाही.

आणि वेळ. पेटी दहा मिनिटांपेक्षा जास्त उघडी ठेवायचं कारण घरच्या मधपाळाला सहसा नसतं. काय बघायचं ते उघडण्याआधी ठरवून घ्या. अंडी दिसली की राणी आहे, ती शोधत बसायची गरज नाही.

दर वेळी त्याच जागी

माझं मनगट. या एका गोष्टीपायी मी वर्ष घालवलं, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

माझे हातमोजे चामड्याचे होते. डंख मोज्यावर बसायचा, काटा चामड्यात अडकून राहायचा, आणि मी मोजे तसेच खुंटीला टांगायचे. डंखाच्या जागी त्या वासाचा अंश आणि विषाचे डाग राहतात. पुढच्या वेळी माश्यांना तिथेच शत्रूची खूण सापडायची. त्या मोज्यावर घोळायच्या, आणि मोजा व बाही यांच्यामधली दोन बोटांची उघडी फट त्यांना आयती मिळायची. मोज्यावर डंख बसला की मी दचकून हात मागे घ्यायचे, त्या हिसक्याने फट आणखी उघडायची. असा तो फेरा.

चामड्याचे मोजे मी काढून टाकले. आता भांडी घासायचे पातळ रबरी मोजे वापरते, हलक्या रंगाचे. त्यातून डंख कधीतरी लागतो हे कबूल, पण बोटाला चौकट जाणवते, त्यामुळे माशीच मुळात कमी चिरडते. दर तपासणीनंतर मोजे, तोंडावरची जाळी आणि सदरा साबणाने धुऊन उन्हात. बाहीवर जुन्या सॉक्सचा वरचा भाग कापून चढवते, मोज्याची कड त्याच्या खाली. पायजम्याचं टोक पायमोज्यात खोचलेलं, कारण माशी अंगावर पडली की वर चढत जाते आणि अंधारात, कपड्याच्या आत शिरते. घोट्याला दर वेळी चावत असेल तर कारण एवढंच असतं.

कपडे पांढरे किंवा फिके, सुती. काळं, गडद, लोकरीचं, केसाळ काही नको. घड्याळाचा चामडी पट्टा काढून ठेवा. गजरा, सुगंधी तेल, अत्तर त्या दिवशी नको. घामेजलेल्या अंगानेही जाऊ नका. बायकांनी केस घट्ट बांधून टोपीत घ्यावेत, कारण केसांत अडकलेली माशी बाहेर पडता न आल्याने डंख मारतेच. बांगड्या काढाव्यात, त्यांच्याखाली माशी सापडते. अंगठी तर दोघांनीही काढावी. बोट सुजल्यावर ती निघत नाही, आणि मग कापावी लागते.

जाळी नाकाला-हनुवटीला टेकत असेल तर डंख जाळीतून बसतो. आत रुंद काठाची टोपी हवी. जाळीत माशी शिरलीच तर पेटीपाशी जाळी उघडायची नाही. शांतपणे चाळीस-पन्नास पावलं चालत जा, झाडाआड थांबा, तिथे काढा. एकदा मी पेटीपाशीच जाळी उचलली होती. एक माशी बाहेर गेली, पाच आत आल्या.

नेहमीची शांत पेटी अचानक बदलली

आपली पद्धत तीच, वेळ तीच, आणि तरी माश्या बिनसल्या, तर मात्र पेटीत काहीतरी झालेलं असतं. राणी गेली असेल तर गुणगुण बदलते, एक भरून राहिलेला रडवा आवाज येतो, आणि अंडी दिसत नाहीत. खुरांखालच्या वाट्यांतलं पाणी आटून मुंग्या चढल्या असतील. पावसाळा सरता-सरता गांधीलमाश्या दारावर टपून बसतात आणि राखणदार दिवसभर ताणलेल्या राहतात. अशा दिवसांत पेटी उघडण्याआधी दारासमोर पाच मिनिटं नुसतं बसून बघा.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त त्रास पावसात होतो. फुलोरा नसतो, पेटीत मध आटलेला असतो, आणि आपण साखरेचा पाक देतो. तो पाक दुपारी दिला, दोन थेंब बाहेर सांडले, की दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. लुटालूट सुरू झालेली पेटी कुणालाच ओळखत नाही. पाक संध्याकाळी, पेटीच्या आत, न सांडता द्यायचा, आणि दार एक-दोन माश्या जातील एवढं अरुंद करायचं. पावसाळ्यात पूर्ण तपासणी मी करतच नाही. उघडीप मिळाली की झाकण उचलून वजन, ओल आणि मेणपतंगाच्या (पोळं खाणाऱ्या अळीच्या) जाळ्या तेवढ्या बघते.

कधी थांबायचं

सातेरीच्या पेटीला हात लावल्यावर सगळ्या माश्या एकदम अंग हलवतात आणि आतून फूत्कारासारखा आवाज येतो. तो एकदा येऊन शमला तर ठीक. पुन्हापुन्हा येत असेल, माश्या चौकटींच्या फटींतून रांगेने तुमच्याकडे तोंड करून बघत असतील, किंवा जाळीवर टपटप आपटू लागल्या असतील, तर पुढची चौकट उचलू नका. काढलेली चौकट परत ठेवा, हलका धूर द्या, झाकण लावा. हात झटकायचे नाहीत, पळायचं नाही. खूपच अंगावर आल्या तर मात्र पळायचं, पण घरात किंवा बंद गाडीत. पाण्यात उडी नव्हे, त्या वरती घिरट्या घालत थांबतात. तपासणीनंतर मागे येणाऱ्या एक-दोन माश्या झाडीतून, दाट सावलीतून चालत गेलं की बहुधा सोडून देतात. थेट अंगणात, मुलं खेळतात तिथे, त्यांना घेऊन येऊ नका. तपासणीची वेळ शेजारी आधी सांगून ठेवायची, म्हणजे वाळत घातलेले कपडे काढायला नेमकं त्याच वेळी कुणी येत नाही.

डंख बसला तर

काटा ताबडतोब काढा. माशी उडून गेली तरी काटा आणि विषाची पिशवी कातडीतच राहते आणि पिशवी आपोआप विष ढकलत राहते. बहुतेक विष पहिल्या वीस-तीस सेकंदांत आत जातं. चिमटीत धरू नका, खरवडूनच काढा, असं पूर्वी बजावून सांगत. १९९६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे तपासलं. कसा काढला याने फरक पडत नाही, किती लवकर काढला याने पडतो. नखाने, पटाशीच्या कडेने, जे हाताशी असेल त्याने. मग त्या जागी धुराचा झोत, म्हणजे वास दबेल. बाजूला गेल्यावर साबणाने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. चुना लावू नका, कातडी भाजते. लोखंड घासणं, कांदा, हळद यांत वेळ जातो, आणि तो वेळ काटा काढण्याचा असतो.

डंखाची जागा सुजणं, एक-दोन दिवस सूज वाढत जाणं, खाज येणं हे त्रासदायक असलं तरी जागच्या जागी आहे. डंख एकीकडे आणि लक्षणं दुसरीकडे अशी गत झाली तर ते वेगळं, आणि जिवावरचं. अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, धाप, उलटी, चक्कर. मग वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठायचा. माणसाला आडवं झोपवून पाय थोडे उंच करा. धाप लागली असेल तर बसू द्या. चालवत नेऊ नका. यावर खरं औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. तोंडात किंवा घशात डंख बसला, किंवा एकदम खूप डंख बसले, तर लक्षणं नसली तरी डॉक्टरांकडे जा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर पेट्या घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या, कारण त्या गोळ्यांमुळे अशा वेळी उपचाराला दाद कमी मिळू शकते. आणि आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात ॲड्रेनलिन असतं का, रात्री कोण असतं, हे शांतपणे, गरज नसताना विचारून ठेवा.

एकटीने तपासणी मी करत नाही ती यामुळेच. माझ्या जावेला आधी चार-पाचदा डंख बसले होते, कधी काही झालं नव्हतं. तिसऱ्या वर्षी एकच डंख बसला, मानेवर. दहा मिनिटांत तळहात खाजायला लागले, पोटावर गांधी उठल्या, आणि "वैनी, घसा दाटतोय" म्हणाली तो आवाज तिचा नव्हता. रिक्षाने ग्रामीण रुग्णालयात नेलं, मांडीत इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. पूर्वी काही झालं नाही म्हणजे पुढे होणार नाही, असं नसतं हे तेव्हा कळलं. आता ती पेट्यांकडे येत नाही. मी चौकटी झटकून घरात आणते आणि दारं-खिडक्या लावून मधयंत्र तीच फिरवते.